पिवळ्या हातांची मुलाखत

ताडपत्रीची दोन टोकं तिच्या हातात होती, दोन माह्या. वारा उलटा होता. दुपारीच आभाळ काळं होऊन आलतं अन् खळ्यात शिजवलेली हळद उघडी पडली होती. गिरजा म्हणे, तिकडून ओढा, माह्या तोंडावर कायले फेकता. मी म्हटलं, तुह्यं तोंड झाकायलेच ओढून राह्यलो. ती हसली नाही. माह्या बोलण्यावर ती कधी हसलीच नाही, अख्खा संसार झाला तरी. ताडपत्री टाकली, कडेनं दगड ठेवले, अन् ती ढिगाले टेकून खाली बसली. छातीवर कोणी बसल्यावानी वाटते म्हणे. मी पाण्याची कॅन आणायले बांधापर्यंत गेलो. आलो तं माणूस नव्हतं, नुसतं लुगडं बसलेलं होतं.

पाऊस आलाच नाही. वाऱ्यानं ढग पुढं नेले. उगाच झाकली हळद.

आता तोच हंगाम परत आला. शिवारात ट्रॅक्टरच्या मागं हळद शिजवायचा कुकर फिरून राह्यला, ह्या वावरातून त्या वावरात, अन् जिथं थांबते तिथं वाफेचा डोंगर उभा करते. शिजत्या हळदीचा वास कसा असते ते ज्याले माईत नाही त्याले सांगून उपेग नाही. ओल्या मातीसारखा असते, अन् लग्नघरासारखाही असते, अन् जखमेवर बांधलेल्या फडक्यासारखाही. एकदा नाकात बसला का भाकरीलेही तोच, विडीलेही तोच. सारं पिवळं होते. बैलाची शेपटी पिवळी, कुत्र्याची पाठ पिवळी, खाटेची दोरी पिवळी. आधी मले हे दिवस लई आवडत. आता पाहतो तं वाटते, कोणीतरी साऱ्या गावाले हळद लावली अन् लगन लावायचं विसरून निघून गेलं.

आमचं वावर किन्हीराजा गावाच्या अंगाले आहे. मी शाळेत गेलो तो चौथीपर्यंत, तेही मास्तर मारकुटा निघाला म्हणून पुढं गेलो नाही. मले गोड लिहिता येत नाही. बायको मेल्यावर लोक म्हणतात, देवमाणूस होती. माही नव्हती. तिची जीभ विळ्यासारखी होती, अन् विळा जसा गवत कापताना गवताले इचारत नाही तशी ती कोणाले इचारत नसे. सगळ्यात जास्त कापलं तिनं त्या हंगामात, अन् कापलं ते आमच्या सुनेले. मनीषाले.

मनीषा म्हणजे आमच्या गजाननची बायको. गजानन एकुलता एक. विहिरीवर मोटर चालू करायले गेला, ओल्या हातानं स्टार्टर धरला, अन् तिथंच चिकटला. गाव म्हणे दारू पेलेला होता. कधी पेत नव्हता असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी नव्हता. गावाले ते पुरत नाही. कोरडा माणूस मेला असं सांगण्यात मजा नाही ना.

आमच्याकडं मयतीच्या घरी बायका बसायले येतात. येतात त्या सरळ मयतवालीच्या गळ्यात पडतात अन् पयला प्रश्न करतात, कसं झालं वं माय? त्यायले चांगलं ठाऊक असते कसं झालं. रस्त्यानं तेच चघळत आलेल्या असतात. पण जिचं गेलं तिच्या तोंडून अथपासून ऐकल्याशिवाय त्यायचं समाधान होत नाही. मनीषानं तेव्हा येईन तिले सांगितलं. सकाळी काय खाऊन गेला, कोणतं शर्ट होतं, कोणी हाक मारली. सांगे अन् पडे. तिले उठवेस्तोवर दुसरी बाई दारात उभी, कसं झालं वं माय. गिरजा कोपऱ्यात बसून पाहत होती. स्वतः रडायची ती रडून मोकळी झाली होती, का रडलीच नव्हती, मले आठवत नाही. तेरवीपर्यंत मनीषा ते सारं अशी सांगायले लागली जशी यष्टीचा कंडक्टर गावाची नावं सांगते. आवाजात काही नाही. बायका नाराज होऊन जात. गिरजानं ते मनात ठेवलं. तिच्या मनात ठेवलेली वस्तू गंजत नसे.

मंग गावची पोलीस पाटलाची जागा निघाली, बाईसाठी राखीव. मनीषा बारावी झालेली. गिरजानं तिले फारम भरायले लावला. लेखी परीक्षा ती पास झाली अन् तोंडी परीक्षेचा कागद आला, तालुक्याच्या पलीकडं, मोठ्या साहेबाच्या ऑफिसात. पण कागद एकटा आला नव्हता. माह्या चुलत भावाच्या, दामोदरच्या सुनेलेही आला होता. दामोदर पारावर बसून लोकायले सांगे, का आपल्या वयनीनं ह्या पोरीले कायले अडकवून ठेवली. लेकरू नाही, नवरा नाही. माहेरी धाडा, दुसरं पाहा, मोकळी करा. बोले ते चांगल्यासारखं. आत काय होतं ते साऱ्यायले दिसे. मनीषा माहेरी गेली का त्याच्या सुनेची वाट मोकळी, अन् आमच्या मागं आमचं वावर कोणाच्या बांधाले लागून आहे तेही गावाले माईत होतं.

गिरजानं ते ऐकलं अन् सांजच्याले चुलीपुढं बसून मनीषाले एवढंच म्हटलं, "आमी दोघं मेलो का ह्या गावात तुले कुत्रंबी ओळखणार नाई. खुर्ची भेटली तं तेच कुत्रं शेपूट हालवन. रडून भेटत नाई खुर्ची."

दुसऱ्या दिवसापासून खळ्यात मुलाखत सुरू झाली.

घरात एक प्लास्टिकची खुर्ची होती, एका हाताची. दुसरा हात गजाननच्याच लग्नात मोडला होता. ती खुर्ची गिरजानं खळ्याच्या मधात टाकली अन् मले म्हणे, बसा, तुमी साहेब. मी म्हटलं, मले काय येते. म्हणे, काही येत नाही म्हणूनच बसा, साहेब असेच असतात. ती स्वतः हळदीच्या ढिगामागं बसे, जाडे गड्डे अन् बारीक हळकुंडं येगळी करत. ढिगाच्या वरून तिच्या डोक्यावरचा पदर तेवढा दिसे. खळं अंगणाले लागूनच, मनीषानं अंगणातल्या निंबाखालून चालत यायचं, वाळत्या हळदीच्या कडेनं, पाय न घसरता. नमस्कार करायचा. बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही. हात मागं बांधायचे नाहीत, ते चोर बांधतात. पदर चावायचा नाही. खाली पाहायचं नाही, खाली काय साहेब ठेवला आहे. हे सारं ढिगामागून ऐकू ये.

आता साहेब म्हणून मले काय इचारावं ते ठाऊक नव्हतं. पोलीस पाटलाची कामं मनीषानं पुस्तकातून पाठ केली होती ती मी इचारी. गावात भांडण झालं तं काय करशीन. कोणी अनोळखी माणूस राहायले आला तं काय करशीन. गावात हातभट्टी कोण लावते. मनीषा भोळी, तिनं पटकन नाव सांगून टाकलं. ढिगामागून आवाज आला, नापास, पयल्याच दिवशी नाव घेतलं तं साहेबाच्या आधी तोच येईन घरी, माहिती घेऊन कळवतो म्हण. मनीषा परत निंबाखाली गेली. परत चालत आली. परत नमस्कार.

एकदा मले गंमत सुचली. मी इचारलं, सासू कशी आहे. मनीषा म्हणे, कडक आहे, साहेब.

"खोटं बोलली. नापास," ढिगामागून.

"मंग काय सांगू आत्याबाई?"

"हरामखोर आहे म्हण. साहेबाले खरं आवडते."

त्या दिवशी मनीषा हसली. गजानन गेल्यावर पयल्यांदा हसली. मले वाटलं आता गिरजा जराशी सैल सोडन. तिनं उलट आवळलं. मले म्हणे, आता ते इचारा. मी म्हटलं, काय ते. तिनं ढिगामागून उठून येऊन माह्या कानाजवळ सांगितलं अन् परत जाऊन बसली. मी इचारलं. मी साहेब होतो, मले हुकूम होता.

"नवरा काय करते?"

"वारला, साहेब."

"कसा?"

"मोटरीचा शॉक लागला."

"पेलेला होता म्हणतात लोक."

मनीषाचं तोंड असं झालं जशी वाफ सोडल्यावर हळद होते, आतून मऊ, बोट लावलं का फुटते. ती खाली बसली. रडताना तिनं हाताचे दोन्ही पंजे तोंडावर घेतले, अन् काढले तं तोंड सारं पिवळं, डोळ्याखालून पाण्याच्या रेघा.

"नापास," गिरजा म्हणे. "पयल्यापासून."

पयल्यापासून म्हणजे निंबाखालून. मनीषा उठली, गेली, चालत आली, नमस्कार केला. मी इचारलं. ती फुटली. नापास. पयल्यापासून. खळ्यात ऊन असं होतं का हळकुंडं तडतडत होती. मी तिले बस म्हणायले विसरून जाई, अन् ती उभीच राही. तिनं कधी आठवण दिली नाही, गिरजानंही नाही. चांगलंच आहे म्हणे, उभं राहायची सवय पाहिजे.

रोज तेच. हळद उलटवायची, तेच. हळद भरायची, तेच. मी एकदा चिडलो. मी म्हटलं, अवं, कोणता साहेब असं इचारीन. त्याले काय आपल्या पोराशी घेणं.

ती म्हणे, "साहेब नाई इचारणार तं त्याच्या बाजूचा इचारीन. तो नाई तं चपराशी. कोणीच नाई तं दामोदरची सून बाहेर बाकावर बसून इचारीन, आत जायच्या आधी, बरोब्बर. तुमाले बायका माईत नाईत."

मले बायका माईत नव्हत्या हे खरं आहे. एक होती तीही कळली नाही.

हळद पॉलिश कशी करतात ते सांगतो. वाळलेली हळद लोखंडी ढोलात टाकतात अन् ढोल फिरवतात. आत काही टाकत नाहीत, तेल नाही, दगड नाही. हळदच हळदीवर घासते अन् साल निघून जाते. खळ्यात धूळ उडते ती दिसते सोन्यासारखी, अन् छातीत गेली का महिनाभर खोकला. खोकताना गिरजा म्हणे, पाहा, चमकायचं म्हणजे असं असते. तिले असं बोलता ये. मी नुसतं खोके.

एक दिवस मनीषा निंबाखालून आली, उभी राहिली. नवरा काय करते, वारला साहेब. कसा, मोटरीचा शॉक. पेलेला होता म्हणतात. तिनं माह्याकडं सरळ पाहिलं अन् म्हणे, लोक म्हणतात साहेब, डॉक्टरच्या कागदात तसं नाही. डोळे कोरडे. आवाज कंडक्टरचा. मी ढिगाकडं पाहिलं. तिकडून काही आवाज नाही. पास नाही, नापास नाही. गड्ड्यावर गड्डा पडायचा आवाज होता तोही थांबला. पदर दिसत नव्हता. मी खुर्चीवरून उठून पाहिलं तं गिरजा गोठ्यामागं निघून गेली होती. मनीषा अन् मी दोघंही उभे. साहेबही उभा, उमेदवारही उभा. लई वेळानं ती आली, तोंड धुतलेलं, पदराचं टोक ओलं. तोंडावर माशी बसली होती म्हणे. मंग ढिगामागं बसली अन् मले म्हणे, उद्यापासून जरा जोरात इचारा, लई नरम इचारता तुमी.

पोरगा तिचा होता. ते वाक्य रोज मले तिनं इचारायले लावलं अन् रोज ती ढिगामागं बसून ऐकत होती. सुनेची साल निघाली ते दिसलं मले. ढोलात कोण कोण होतं ते मी मोजलं नाही.

आता हाताचं सांगतो, कारण पुढं ते लागते. हळद काढणाऱ्याचे हात महिना महिना पिवळे राहतात. नखात, रेघांत, कोपरापर्यंत. मनीषाचे तं जास्तच, कारण गिरजाच्या खोकल्यापायी ढिगाचं काम तीच करे. आमच्यात विधवेले हळदकुंकू लावत नाहीत. तिळसंक्रांतीले बायका तिच्या दारावरून जातात, तिले हाक मारत नाहीत. पण साऱ्या गावाची हळद तिच्या हातानं शिजली तं चालते. शेजारची एक बाई पोरीच्या लग्नासाठी घरची हळद मागायले आली, अन् जाताना हळूच म्हणे, पण मनीषाच्या हातची नको बरं वयनी, तुमच्या हातची द्या. गिरजानं तिले पायलीचं माप खाली ठेवून सांगितलं, "माह्या हातची मिरची आहे. तुह्या लेकीले ती लाव." ती बाई आजही आमच्या दारावरून जाताना पाय उचलून जाते.

बोलली तशी, पण तिलेही ते लागलं होतं. मुलाखतीले विधवा बाई पिवळे हात घेऊन जाईन तं लोक काय म्हणतीन, म्हणून तिनं मनीषाचे हात घासणं सुरू केलं. निंबू लावला, खायचा सोडा लावला, राख लावली, घासलेटही लावलं. चामडी निघाली, रंग नाही निघाला. शेवटी गिरजा थकून म्हणे, राहू दे, साहेबाले सांग काम करते म्हणून. हाताचा प्रश्न तिनं मुलाखतीत बसवला नाही. एवढ्या साऱ्या तयारीत तेवढंच राहून गेलं.

मुलाखत तिसऱ्याच्या दिवशीच आली. म्हणजे गिरजाच्या तिसऱ्याच्या. गडीमाणसं राख सावडायले गेलो अन् मनीषा यष्टीनं गेली, एकटी. काय काय झालं त्याच्या आधी ते पुढं सांगतो. आधी तिकडचं सांगतो, जसं तिनं मले आल्यावर सांगितलं तसं.

बाहेर बाकावर दामोदरची सून बसलेली होती. तिनं गिरजा म्हणे तसंच केलं, फक्त प्रश्न नवा. सुतकात आलीस वं? मनीषा म्हणे, हो. एवढंच. आत तीन साहेब होते. मधातल्यानं बसा म्हटलं. मनीषा उभीच. त्यानं परत म्हटलं, बसा ना बाई. ती उभीच. तिले कळेचना का बस म्हटल्यावर काय करायचं असते, खळ्यात तिले कोणी म्हटलंच नव्हतं. शेवटी तो साहेब हसला अन् म्हणे, बरं, उभ्यानं सांगा. त्यायनं कामं इचारली, ती तिनं सांगितली. गावाच्या चारी सीमा इचारल्या, सांगितल्या. नवऱ्याचं इचारलं नाही. कसा मेला नाही, पेलेला होता का नाही, नाव पण नाही. मेहनतीनं तिचे डोळे कोरडे केले होते ज्या प्रश्नासाठी, तो प्रश्न त्या खोलीत आलाच नाही.

दुसराच प्रश्न आला. बाजूच्या साहेबानं तिचे हात पाहिले. लग्नसराईचे दिवस. तो भला माणूस होता, हसून म्हणे, "नवी नवरी दिसता. आत्ताच लग्न झालं काय?"

मी हे ऐकलं अन् हातातली चहाची बशी खाली ठेवली. असा प्रश्न गिरजाच्या डोक्यातही आला नसता, अन् तिच्या डोक्यात काय काय वाईट येत नसे. मी मनीषाले इचारलं, मंग तू काय सांगितलं. ती म्हणे, सांगितलं, नाही साहेब, हळद काढली. घरची आहे. सासूनं लावलेली.

एवढंच. तिथं ती फुटली नाही. खोलीतून बाहेर आली, बाकावरच्या पोरीच्या समोरून गेली, यष्टीत बसली, घरी आली, मले हे सांगितलं, अन् मंग गोठ्यामागं गेली. मी तिकडं गेलो नाही. तिकडची जागा आमच्या घरात बायकायची आहे.

जागा तिले भेटली. आता दारावर पाटी आहे. ज्या बायका संक्रांतीले हाक मारत नाहीत त्या नवऱ्यानं मारलं का तिच्याकडंच येतात, अन् तोंडानं पाटीलबाई पाटीलबाई करतात. संक्रांतीले अजूनही हाक मारत नाहीत, ते वेगळं. खुर्चीनं कुत्रे बदलतात, बायका नाही. दामोदर एकदा दाखल्यासाठी आला होता. मनीषा खुर्चीवर बसून लिहीत होती, तीच एका हाताची खुर्ची, अन् दामोदर समोर उभा. पार घाम आला त्याले. तो गेल्यावर मी म्हटलं, बस तं म्हणायचं त्याले, तुह्या सासऱ्याच्या जागेवर आहे. ती म्हणे, विसरली मामाजी. चेहऱ्यावर काही नाही. मी कोणाले काय बोलणार, तिले शिकवणारा साहेब मीच.

लोक मले म्हणतात, तुमची म्हातारी लई कठोर होती, पोरीले रडू रडू केलं. होती कठोर. मी इचार करतो, तो प्रश्न आलाच नाही तं मंग तिनं कायले घासली त्या पोरीले, अन् स्वतःले. कधी वाटते फुकट गेलं, त्या दिवशीच्या ताडपत्रीसारखं. झाकलं अन् पाऊस आलाच नाही. कधी वाटते, पाऊस कुठून येईन ते कोणाले माईत असते. ताडपत्री तं सारीकडून झाकते. पण हे मी आता म्हणतो, पोट भरल्यावर. यंदा हळद झाकायची झाली तं मी एकटाच ओढतो. दुसऱ्या टोकाले दगड ठेवतो. दगड तोंडावर फेकलं म्हणून बोलत नाही. बरं असते अन् वाईट असते.

आता तिच्या मरणानंतरची सकाळ. तीच सांगायची होती.

दिवस बुडायच्या आत तिले नेलं होतं. घरात चूल नाही, शेजाऱ्यायची भाकर आलेली तशीच झाकलेली. खळ्यात ताडपत्री तशीच, तिनं ठेवलेले दगड तसेच. सकाळी उजाडत नाही तं बायका सुरू झाल्या. गळ्यात पडल्या मनीषाच्या. कसं झालं वं माय. मनीषा सांगत होती, ढग आलते, हळद झाकली, छातीत दुखलं. दुसरी आली, कसं झालं वं माय. दामोदर अंगणात पायावर पाय टाकून बसला होता, पाच जणायले ऐकू जाईन असं म्हणे, का उद्याची मुलाखत आता गेली, सुतकात घरची सून उंबरा ओलांडत नसते, तिसऱ्याच्या दिवशी तं नाहीच. वयनीच्या राखेवर पाय देऊन जाईन काय. देवाचीच मर्जी. पाच जणायनं माना हालवल्या. मनीषानं माह्याकडं पाहिलं अन् खाली पाहिलं. खाली पाहायचं नाही हे सांगणारी कोणी नव्हती.

मी उठलो. खोलीतून खुर्ची आणली अन् अंगणाच्या मधात टाकली, बायका अन् गडी ह्यायच्या मधात. दामोदरले वाटलं मी टेकायले आणली. मी बसलो अन् मनीषाले म्हटलं, निंबाखाली जाय. बायका एकमेकीकडं पाहायले लागल्या. कोणीतरी म्हणे, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मनीषा उठली. गळ्यातल्या बाईचे हात काढले, निंबाखाली गेली, चालत आली. नमस्कार केला.

"नाव?"

तिनं पूर्ण नाव सांगितलं. गजाननचं नाव मधात आलं, आवाज हलला नाही.

"घरी कोण कोण?"

"मी अन् सासरे."

"सासू?"

"वारली, साहेब."

"कवा?"

"काल."

"कशी?"

दामोदरनं पायावरचा पाय खाली घेतला. मनीषा माह्याकडं सरळ पाहत होती. हात बाजूले, पिवळे. पदर दातात नाही. म्हणे, "हळद झाकताना छातीत दुखलं, साहेब. दवाखान्यात न्यायले वेळ भेटला नाही."

कंडक्टरचा आवाज. डोळे खणखणीत कोरडे. साऱ्या बायकायनं ऐकलं अन् एकीलेही तिच्या गळ्यात पडावं वाटलं नाही. पास होती पोरगी. मी ऐकायले थांबलो, ढिगामागून काही येते का. सवय होती. मंग मले कळलं का समोरचं अंगण मले नीट दिसत नाही, मनीषा दिसत नाही, निंब दिसत नाही, अन् माही दाढी ओली होऊन राह्यली. भरल्या अंगणात. साहेब.

मनीषा जागची हालली नाही. हळू आवाजात, फक्त मले ऐकू येईन अशी, म्हणे, "नापास, मामाजी. पयल्यापासून."

अन् ती वळली, निंबाखाली गेली.

मी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. ती चालत येऊन समोर उभी राहिली, नमस्कार केला, अन् मी इचारलं, नाव सांग.